हवालदारांचा फोन आणि माझी दहा बोटं

पलूसला कचेरीच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतोय. अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. अर्ज एका पानाचा असतो आणि त्यामागची हकीकत दहा पानांची. पान साहेबांच्या टेबलावर जातं, हकीकत आमच्याकडं राहते.

ती मी कधी कुणाला सांगत नाही. माझा तो नियमच आहे. गिऱ्हाइकानं खुर्ची जवळ ओढायची, माझ्या कानाशी येऊन हळू बोलायचं, आणि मी स्क्रीन भिंतीकडं वळवून दहा बोटांनी टाइप करायचं. बिघडलेला कागद चार तुकडे करून खिशात. सासू-सुनेचं, भावाभावाचं, दुसऱ्या बायकोचं, सगळं माझ्या पोटात. माझ्या टेबलाची पत ती तेवढीच.

मग हे किस्से मी कसे काय सांगतोय? कारण माझा स्वतःचा एखादा सोडला, तर बाकीचे साऱ्या आवारानं आधीच ऐकलेत. ती कृपा हवालदारांच्या फोनची. आणि एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला मधेच शंका यायला नको. मी त्या माणसावर जळतो. त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या फोनवर जळतो.

*

संपतराव हवालदार फौजेत क्लार्क होते. रिटायर होऊन आले आणि एका सोमवारी त्यांनी आमच्याच शेडमध्ये टेबल मांडलं. कीबोर्ड नाही, कॉम्प्युटर नाही, नुसता एक फोन. मला वाटलं, पेन्शनीतला माणूस, वेळ घालवायला आलाय. मी त्यांना स्वतः चहा पाजला. तो चहा मला अजून टोचतो.

चहा संपवून त्यांनी पहिलं गिऱ्हाईक घेतलं. रेशनकार्डात सुनेचं नाव वाढवायचं होतं. हवालदारांनी फोन तोंडासमोर धरला आणि अर्ज बोलायला सुरुवात केली. ते बोलत गेले तसा फोन लिहीत गेला. योगायोगानं मीही तसलाच अर्ज टाइप करत होतो. आमच्या दोघांच्या मधोमध रफिकभाईंचं झेरॉक्स आणि प्रिंटचं मशीन आहे. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. हवालदार तीन मिनिटं, मी सात.

"चुका असतील त्यात," मी म्हणालो.

रफिकभाईंनी प्रिंट काढून वाचली. "दोन हायत," ते म्हणाले. मला जरा बरं वाटलं. मग त्यांनी माझा कागद उचलला आणि तोही वाचला. "ह्यात तीन हायत."

माझ्याकडं नंबर लावून एक म्हातारा बसला होता. तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "टायपिस्ट, तुमी बोटं चालवता ते बघाय लय ग्वाड वाटतं," तो म्हणाला, "पर मला अकराची यष्टी गाठायची हाय."

आणि पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला.

*

हवालदारांना बसून बोलता येत नाही. म्हणजे घरचं बोलता येतं, सरकारी बोलता येत नाही. "माननीय तहसीलदारसाहेब" म्हणायची वेळ आली की ते उठतात, टाचा जुळवतात आणि परेडच्या आवाजात सुरू होतात. आवाज असा की समोरच्या हॉटेलातला माणूसही भजी तळायची थांबून ऐकतो.

हवालदार उभे राहिले की गिऱ्हाईकही उभं राहतं. ते बसलेलं बरं दिसत नाही. एकदा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज चालला होता, तेव्हा शेडमधली सगळी माणसं हळूहळू उभी राहिली. मी तेवढा बसून होतो.

"दत्ताभाऊ, उठा की," रफिकभाई हळूच म्हणाले.

"उत्पन्नाचा दाखला हाय, राष्ट्रगीत न्हाई," मी म्हणालो.

दोन मिनिटांनी मीपण उठलो. एकट्यानं बसून राहायला धाडस लागतं.

*

आता हा किस्सा सांगताना माझा जीव जळतो, पण सांगतोच.

एक धाकटा भाऊ थोरल्याविरुद्ध अर्ज द्यायला आला. थोरल्यानं बांध कोरला होता. असलं काम म्हणजे खास माझं. मी त्याला जवळ बसवून, कुणाला कानोकान कळू न देता अर्ज करून दिला असता. पण माझ्याकडं नजरसुद्धा न टाकता तो हवालदारांकडं गेला.

हवालदार उठले. "माझे थोरले बंधू यांनी सामाईक बांध तीन फूट कोरून तेथे उसाची लागण केली आहे, पूर्णविराम."

रफिकभाईंच्या मशीनपाशी एक माणूस आधारकार्डाची झेरॉक्स काढत उभा होता. त्यानं मान वळवली. थोरले बंधू तेच होते.

"तीन फूट कुठलं? दीड फूट हाय," तो तिथनंच म्हणाला.

"तू मोजलंयस का?" धाकटा म्हणाला.

"मोजलंय म्हणून तर दीड म्हंतोय."

मी मनात म्हणालो, आता शेडमध्ये मारामारी होणार आणि उद्यापासून हवालदारांचं टेबल बंद. हवालदारांनी मात्र फोन खाली घेतलाच नाही. "तीन फूट ऐवजी दीड फूट वाचावे, पूर्णविराम. फुडं?"

थोरला जरा घुटमळला. सगळं आवार त्याच्याकडं बघत होतं. "फुडं लिवा," तो म्हणाला, "ह्यो ऊस तुटला की बांध पयल्यासारखा घालून देतो."

अर्ज बाहेर पडला तो तडजोडीचा, दोघांच्या सह्यांचा. दोघं एकाच मोटारसायकलवर बसून गेले. जाताना धाकट्यानं फोनलाच हात जोडले.

मी बांधाचे कितीतरी अर्ज टाइप केलेत. एकही बाहेर फुटला नाही. ते भाऊ अजून तारखांना येतात आणि एकमेकांकडं पाठ करून बसतात. हे माझ्याही लक्षात आलं होतं, म्हणून तर मला दुप्पट राग आला.

*

त्यानंतर मी कामाला लागलो. कुणी हवालदारांकडं निघालं की मी हळूच म्हणायचो, "जावा की. फक्त ध्यानात ठेवा, त्यो फोन ऐकतोय. तिकडं बोललेलं कुठल्या कुठं जातं."

पुरावाही मिळाला. हवालदारांनी एका मेलेल्या म्हशीच्या भरपाईचा अर्ज बोलून लिहिला आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या फोनवर पशुखाद्याच्या जाहिराती सुरू झाल्या. कडबाकुट्टी, मिनरल मिक्स्चर, दूध काढायचं मशीन. मी तो फोन मागून घेऊन शेडभर फिरवला. "बघा, म्हस मेलीया ह्याचं कंपनीला सुतक न्हाई, पर बातमी पोचली."

आठवडाभर माझी खुर्ची भरलेली राहिली. लोक पुन्हा कानाशी येऊन बोलायला लागले. मला वाटलं, जिंकलो.

मग एका दुपारी रफिकभाईंनी विचारलं, "दत्ताभाऊ, तुमच्या फोनवर काय जाहिराती येत्यात?"

मी बघितलं. काहीच नव्हतं. म्हणून दोन दिवस मी माझ्या फोनजवळ तोंड नेऊन ट्रॅक्टरबद्दल बोलत होतो. ट्रॅक्टर घ्यायचा आहे, कुठला घ्यावा, लाल घ्यावा का निळा. तिसऱ्या दिवशी एकच जाहिरात आली, कान तपासायच्या मोफत शिबिराची.

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. हवालदारांचं ऐकायला एवढी मोठी कंपनी बसलीय आणि माझं चोरूनसुद्धा कुणी ऐकत नाही.

"ऐकाय यावं असं काय तरी बोलाय लागतं," रफिकभाई म्हणाले आणि झेरॉक्सचा ट्रे भरायला लागले.

*

माझ्या प्रचाराचा परिणाम सगळ्यात जास्त कुणावर झाला असेल, तर खुद्द हवालदारांवर. गुप्तता म्हणजे काय ते फौजी माणसाला सांगावं लागत नाही. एके दिवशी शेड रिकामी बघून ते माझ्या टेबलापाशी आले. फोन मुद्दाम त्यांच्या टेबलावर ठेवला होता, वर वर्तमानपत्र झाकून.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या कानाशी आले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"दत्ताभाऊ, एक पत्र टाइप करायचंय. कंपनीला. विषय, माझे खाजगी बोलणे ऐकणेबाबत हरकत."

"मग फोनमदीच बोला की," मी म्हणालो. एवढी संधी मी सोडणार नव्हतो.

"त्याला कळू न देता करायचंय," ते म्हणाले.

त्या दिवशी माझी बोटं जशी चालली तशी पुन्हा कधी चालली नाहीत. मी हवालदारांना विचारलं, सुरुवातीला फोननं परवानगी मागितली होती का. माइकची, फोटोंची, ओळखीच्या लोकांच्या नंबरांची, तुम्ही कुठं आहात त्याची?

"मागितली की. सगळ्यांची मागितली."

"आन तुमी दिली?"

"दिली. मी बारा वर्षं लोकांचे रजेचे अर्ज हाताळल्यात, गड्या. परवानगी न्हाई मिळाली की माणसाचं तोंड कसं हुतं ते बघितलंय. मला नाही म्हणवत न्हाई."

पत्र झालं, सही झाली, शिक्का झाला. मग प्रश्न आला, पाठवायचं कुठं? कंपनीचा पत्ता ना त्यांना ठाऊक, ना मला. शेवटी हवालदारांनी ते पत्र चार घड्या घालून फोनच्याच कव्हरमध्ये सारलं. म्हणाले, आता हरकत त्याच्यापाशी पोचलीया.

दुसऱ्या दिवशी बघतो तर ते पुन्हा टाचा जुळवून फोनमध्ये बोलतायत.

"आवं, कालच्या पत्राचं काय?" मी विचारलं.

"हरकत नोंदवलीया," ते साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "काम थांबवा असं त्यात कुठं लिवलंय?"

*

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी तेच केलं, पण चोरून. बोलून लिहायची ती सोय माझ्याही फोनवर आहे हे मला कळलं होतं. शेडमध्ये करून बघणं शक्य नव्हतं. घरी बायको, शेजारी. म्हणून एका रविवारी सकाळी उसाच्या फडात गेलो, पाल्यात उभा राहिलो आणि फोन तोंडाशी धरला.

"माननीय तहसीलदारसाहेब," मी म्हणालो.

फोननं लिहिलं, पुन्हा बोला.

मी पुन्हा बोललो. फोन पुन्हा तेच म्हणाला. अर्धा तास आमचं असंच चाललं. मग माझ्या लक्षात आलं, बावीस वर्षं लोक माझ्या कानाशी बोलले आणि मीही त्यांच्या कानाशीच बोललो. मोठ्यानं बोलायचा माझा आवाजच गेला होता. फोनला ऐकू जाईल एवढाही उरला नव्हता.

बांधावरून आमची शेजारीण चालली होती. तिला पाल्यातनं माझी कुजबुज ऐकू आली. 'पुन्हा बोला' ते काही तिला दिसलं नाही. ती थेट माझ्या बायकोकडं गेली. "शैला, तुझा मालक उसात हुबा ऱ्हाऊन फोनवर कुणाशी तरी लय हळू बोलतोय."

मी घरी पोचलो तेव्हा शैला दारातच होती. तिनं हात पुढं केला. मी फोन दिला. ती एकदा माझ्याकडं आणि एकदा फोनकडं बघून त्यात म्हणाली, "कोण गं तू?"

फोननं पहिल्या झटक्यात लिहिलं, कोण गं तू.

शैलाची शाळा चौथीत सुटली. वाचता येतं, पण एक ओळ लिहायची म्हटलं की तिला घाम फुटतो. ती त्या ओळीकडं बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्ये माझं बोलणं हाय?"

"व्हय," मी म्हणालो.

"माझं लगेच लिवलं त्यानं."

त्या दिवशी फोन मला परत मिळाला तो संध्याकाळी. त्यात वाण्याची यादी होती, बहिणीला लिहिलेलं पत्र होतं, ब्लाउजांची मापं होती. बहीण कोयनानगरला असते. तिला शैलानं जे जे सांगितलं होतं त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. पाठ दुखते हेसुद्धा नाही. मी सगळं दोनदा वाचलं. माझी बायको फोनशी एवढं बोलते आणि माझ्याशी भाजी काय करू एवढंच, ह्याचा मला त्या फोनवर, माझ्याच फोनवर, संताप आला.

*

शेवटचा सांगतो. हा सांगायचा नव्हता. पण आवारातल्या सगळ्यांनी ऐकलाय, तर तुम्हीच का मागं राहायचं.

बाजाराचा दिवस होता. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीतून शैला येताना दिसली. इस्त्रीची साडी, हातात पिशवी. मला वाटलं डबा विसरलो. मी टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि खुर्ची पुसली.

ती माझ्या टेबलासमोरून पुढं गेली. रफिकभाईंचं मशीन ओलांडलं आणि हवालदारांच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"भाऊजी, अर्ज करायचाय. मीच बोलते. साहेबांचं काय ते तेवढं तुमी लावा."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मी रफिकभाईंकडं बघितलं. रफिकभाई मशीनकडं बघत होते. शेवटी हवालदार उठले, टाचा जुळवल्या आणि सुरू झाले. शैला एक वाक्य बोलायची, ते त्याला सरकारी करून परेडच्या आवाजात फोनला सांगायचे.

"अर्जदार ही विवाहित असून राहते घर पतीच्या एकट्याच्या नावे आहे, पूर्णविराम. सदर घर बांधताना अर्जदाराने आठ वर्षे शिलाईकाम करून हातभार लावला आहे, पूर्णविराम. तरी घराच्या उताऱ्यावर पतीसोबत अर्जदाराचेही नाव लावावे, ही विनंती, पूर्णविराम."

हॉटेलातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला होता.

"पतीकडे याबाबत तोंडी विनंती केली असता, अर्ज उद्या टाइप करतो, असे पतीने सांगितले, पूर्णविराम. सदर बाब तीन वर्षांपूर्वीची आहे, पूर्णविराम."

हवालदार थांबले. "वहिनी, फॉर्मात एक लागतंय," ते चाचरत म्हणाले. "पतीचा व्यवसाय?"

"टायपिस्ट," शैला म्हणाली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी जागेवरून उठलो आणि त्या टेबलापर्यंत गेलो. चारच पावलं असतील, पण सगळं आवार ती मोजत होतं. तीन वर्षं मी तो अर्ज का केला नाही? वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत आलो होतो. वेळ होता. तिचं नाव लागलं तर माझं कमी होईल, असं कुठंतरी वाटत होतं.

मी वाकलो आणि तिच्या कानाशी हळू आवाजात म्हणालो, "अगं, घरातलं असं चारचौघांत बोलायचं? माझ्याकडं यायचं. माझ्या टेबलावरचं एक अक्षर भाईर जात न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

तिनं आवाज खाली आणला नाही.

"ठावं हाय की. तीन वर्षं झाली तुमास्नी सांगून, एक अक्षर भाईर गेलं न्हाई. म्हणून तर हितं आले."

हवालदारांनी फोनकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, माइक चालूच ऱ्हायला. तुमी आत्ता बोलला ते खाली अर्जात उतरलंय." त्यांनी मला स्क्रीन दाखवली. तिचं वाक्य जसंच्या तसं होतं. माझं एक अक्षर आलं नव्हतं. "ह्ये खोडतो," ते म्हणाले.

शैलानं फोन हातात घेतला. बोट एकेका शब्दाखाली धरून तिनं ती ओळ शेवटपर्यंत वाचली. मग फोन रफिकभाईंकडं दिला, प्रिंट काढायला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "फक्त खाली ह्यांच्या सहीला जागा सोडा."